खालून ठकठक आलीच नाही

परवा सायकल मारताना खालून ठकठक आलीच नाही, तशी मी पेडल थांबवून कान टवकारले.

भांडुपला आमच्या खाली सावंतकाकू एकट्याच राहतात. मी घरात स्टँडवर बसवलेली सायकल मारायला लागले की त्यांच्या छताला हादरे बसतात आणि त्या झाडूच्या दांड्याने खालून ठोकतात. रोज, न चुकता. शेवटी मलाच लाज वाटून परवा स्टँडखाली जाड रबरी मॅट घातली. झकास! हादरा नाही, घरघर नाही.

पण माझा स्वभाव तुम्हाला माहितीये ना? मॅटमुळे ठकठक नाही, हे सुचायच्या आधीच मला काकू बाथरूममध्ये पडलेल्या दिसायला लागल्या. सायकलवरून उतरून फोन लावला, बिझी. परत लावला, बिझी. चपला शोधत पाचव्यांदा लावला, तेव्हा कुठे लागला.

“अगो, बरी आसस मां गो?” काकूच ओरडल्या. “मगाधरनं तुकाच फोन लावतंय! तुझी सायकल सुरू झाली की मी बांगड्यांका मसालो लावतंय, थांबली की तव्यार टाकतंय. आज सायकलच नाय! माका वाटला, पडलंस खंय तरी. बांगडे अजून कच्चेच आसत!”