बाजूची खुर्ची

[घाटकोपर, पंतनगरातली एक खोली. संपात गिरण्या बंद पडल्या त्याला चार-पाच वर्षं झालीत. रविवारची दुपार. मालन मांदेली साफ करते आहे. तिची मुलगी नलिनी आणि शेजारच्या बिल्डिंगमधला शिवदास समोरासमोर बसलेत.]

शिवदास : ...आणि उद्या आमच्या सेंटरचे साहेब विचारतील तेव्हा एवढंच म्हणायचं, घाबरले, हातून चूक झाली. विषय संपला.

नलिनी : पण मी घाबरले नव्हते, दादा.

शिवदास : अगं, मला माहीत नाही का? खरं काय झालं ते विचारतोय कोण!

मालन : शिवदास, आदी च्याय घेवा, निवतली. आणि ह्या सगळा माका वायच समजावन सांगा. ता इमान खोटाच मां?

शिवदास : खोटंच, मावशी. सांताक्रूझला आमच्या सेंटरमध्ये एका मोठ्या खोलीत विमानाचं नुसतं डोकं उभं केलंय. आत सगळं खऱ्यासारखं. काचेबाहेर दिवे, धावपट्टी, धुकं, म्हणाल ते दिसतं. आमचे पायलट शिकून जे तास उरतात ते मी बाहेरच्या कंपन्यांना विकतो. आखातातली छोटी कंपनी स्वतःचं असलं मशीन कशाला घेईल? आपला कप्तान इकडे पाठवते. परीक्षा घेणारा माणूसही तिचाच.

मालन : आणि आमचा चेडू थंय काय करता?

नलिनी : कप्तान एकटा आला तर बाजूच्या खुर्चीत कुणीतरी पायलट लागतो ना, आई. ती मी.

शिवदास : लायसन्स घेऊन सहा वर्षं घरी बसलीये. कुठेच भरती नाही. म्हटलं, निदान हात तरी चालू राहील.

नलिनी : ते मी विसरले नाहीये, दादा.

मालन : मगे बिघाडला खंय?

नलिनी : धुक्यात उतरायचं होतं. ठरलेल्या उंचीपर्यंत पट्टी दिसली नाही तर परत वर जायचं, असा नियम आहे. पट्टी दिसत नव्हती. मी म्हटलं, 'कॅप्टन, दिसत नाहीये.' ते आपले खालीच. परत म्हटलं, मोठ्याने. तरी खालीच. मग मी दांडा धरला, 'माझ्याकडे द्या' म्हटलं आणि वर ओढलं.

शिवदास : परीक्षकाने कप्तानाला नापास केलं. आता कप्तान म्हणतो, पट्टी मला दिसत होती, ह्या पोरीने घाबरून हिसका मारला. कंपनीला ते बरंच आहे. परीक्षा रद्द, नवीन परीक्षा, काम फत्ते.

नलिनी : आणि परीक्षक? त्यांचाच माणूस होता ना मागे?

शिवदास : कंपनीने डोळे वटारल्यावर त्याची बोलती बंद. म्हणतो, मी आकडे बघत होतो, बाहेर बघितलंच नाही. म्हणून तर सगळं तुझ्यावर आलंय, यार! नाहीतर ते गिऱ्हाईक सिंगापूरला जाईल. मशीन रिकामं राहिलं की वरचे म्हणतील, बंद करा हा बाहेरचा धंदा. मी परत टपालाच्या टेबलावर. वाट लागेल माझी.

मालन : म्हण गो, नलू. कोण मेला नाय, कोणाक लागला नाय. तुझी खुर्ची तरी रवतली.

नलिनी : आई, तो माणूस पुढच्या आठवड्यात खरं विमान उडवणार.

मालन : तेका शिकवूक त्यांची माणसां आसतली मां?

नलिनी : शिकायलाच तर इथे पाठवला होता.

शिवदास : म्हातारा झालाय गं. निवृत्तीला आलाय. काल माझ्यासमोर रडायचा बाकी राहिला.

नलिनी : मग शिकू दे ना परत. मी बसते बाजूला. म्हणेल तितक्या वेळा बसते.

शिवदास : त्याला बाजूला तूच नकोयस.

नलिनी : दादा, ज्या ज्या इंटरव्ह्यूला गेले तिथे मला एकच प्रश्न विचारलाय. 'आणीबाणी आली तर घाबरणार नाहीस ना?' मुलांना नाही विचारत. आणि आता आणीबाणी आली, मी घाबरले नाही, तर घाबरले म्हणून मीच सांगू?

शिवदास : मग उद्या काय सांगणार?

नलिनी : साहेबांनी विचारलं की जे झालं ते सांगणार.

शिवदास : मग ह्यापुढे मी तुला बोलावू नाही शकणार. माझ्या हातात नाही राहणार.

नलिनी : माहीत आहे.

शिवदास : चहा झकास होता, मावशी. निघतो.

नलिनी : रागावलास?

शिवदास : राग कसला! डोकं फिरलंय नुसतं. उद्या अकराला ये. गेटवर तुला अडवतील, मी खाली उभा राहतो.

मालन : ...गेलो?

नलिनी : गेला.

मालन : इतक्या वर्षांनी एक खुर्ची गावली, ती पण घालवलंस.

नलिनी : हं.

मालन : बापाशीक काय सांगतलंस?

नलिनी : हेच. तुला सांगितलं ते.

मालन : तेंका आपल्या गिरणीचो भोंगो बंद झालो तेच्यापेक्षा ह्या जास्त लागतला.

नलिनी : लागू दे. बोलतील दोन दिवस.

मालन : बरा, ती सुरी दी माका. ...नलू, तू ओढलंस तेवा ता वर गेला?

नलिनी : गेलं. अगदी खाली आलो होतो. आणि तेव्हा दिसलं, पट्टी बाजूलाच राहिली होती, समोर वस्ती होती.

मालन : वस्ती?

नलिनी : चित्रातली गं. नुसते दिवे.

मालन : आणि अशा इमानात माणसां किती आसतत?

नलिनी : दीडेकशे. पण आई, आत आम्ही तिघंच होतो.

मालन : ता माका कळला. वाचली मां सगळी?

नलिनी : ...वाचली.