अठरा त्रिकोणांचा कंदील

...आणि झोप लागायची कशी, तुम्हीच सांगा! डोळे मिटले की अठरा त्रिकोण! चार रात्री आढ्याकडे बघत पडलेय आणि डोक्यात एकच भुणभुण... होतच नाही, की मलाच होत नाही?

काय होत नाही म्हणता? आकाशकंदील हो! आमची मालू तिसरीत. तिला दिवाळीसाठी सारख्या मापाच्या सहा कामट्या बांधून चार त्रिकोणांचा कंदील करून दिला, शिंगाड्यासारखा. छान दिसला. तिथे गप्प बसायचं की नाही? पण इंटरपर्यंत भूमिती केलेली बाई गप्प बसते होय! म्हटलं, मालू, सगळे त्रिकोण सारखे, कुठे खड्डा नको, कुठे सपाट नको, असे आपण चारपासून वीसपर्यंत सगळे करू. विषम सोडून हं, कारण प्रत्येक कामटी दोन त्रिकोणांत वाटली जाते. आणि वीसला प्रत्येक टोकाशी पाच-पाच त्रिकोण जमले की पुढे वाटच बंद, बावीसचा नाहीच!

झाले की! सहा, आठ, दहा, बारा, चौदा, सोळा... आणि अठराचा जरा अडला म्हणून वीसचा आधी उरकला, चेंडूसारखा गरगरीत. ओटीवर नऊ खिळे, आठांवर कंदील, आणि सोळा नि वीसच्या मधला खिळा रिकामा, नुसता दोरा लोंबतोय. तो बघतो हो माझ्याकडे! संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की आठ कंदील हलतात, आणि नववा दोरा, ज्याला काही टांगलेलंच नाही, तोही त्यांच्याबरोबर हलतो, अगदी तेवढाच जड असल्यासारखा...

बरं, कागदावर सगळं चोख! अठरा त्रिकोण, सत्तावीस कामट्या, अकरा टोकं. दहा टोकांशी पाच त्रिकोण, एकाशी चार. पण बांधायला घेतलं की कुठल्या तरी टोकाशी सहावा येऊन बसतोच, आणि सहा आले की पोळपाटावरच्या पोळीसारखं सपाट! सोडलं, पुन्हा बांधलं, तर सातवा घुसला नि कंदिलाचं पोट आत! तुम्हाला सांगते, आत कोणीतरी बसून टोक ओढून धरतंय असं वाटतं. फूटपट्टी घेऊन सत्तावीसच्या सत्तावीस कामट्या परत मोजल्या. एक केसभर कमी नाही. मग होतच नाही, की मलाच होत नाही?

नेरे गावाहून ठकी येते कामट्या विकायला. पाचव्यांदा मागितल्या तर म्हणते, "बाय, गेल्या टायमाच्या काय खाल्ल्यास?" म्हटलं, ठके, एक कंदील येतच नाही गं. तर त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात, "जो येत नाय त्याला हाका मारू नको. आला तं जायाचा नाय." आणि भारा टाकून गेली निघून!

आमचे हे कचेरीतून आले की, "अगं, लाव तसाच, खड्डा भिंतीकडे कर! कोण मोजतंय?" कोण मोजतंय? तुमची मुलगी मोजते! काल शंकरपाळे कापायला बसले ते त्रिकोणीच कापत गेले, ते मोजले. अठरा. तळायला हात धजेना.

शेवटी आज दुपारी चार त्रिकोणांच्या टोकापासून निघाले, बाकी प्रत्येक टोकाला पाच देत गेले, देत गेले... आणि काय व्हावं? सोळालाच मिटला हो! समोरच्या बाजूला आपोआप दुसरं चारचं टोक, आणि तीन कामट्या माझ्या हातात. म्हणजे अठराचा होतच नाही! सुटले म्हणते तोच मनात पाल चुकचुकली... इतकं सोपं असतं, तर मला दिसलं असतं?

आणि भीती कंदिलाची नव्हतीच. मालूने वर्गात सांगून ठेवलंय, "माझ्या आईला सगळे येतात!" उद्या वसुबारस, अख्खा वर्ग ओटीवर येणार. रोज पाढे घेताना "कर, येईल" म्हणणारी मी, त्या पोरीला काय सांगू? होत नाही म्हणू? आणि तिने विचारलं, होतच नाही, की तुलाच होत नाही, तर? आयुष्यभर माझ्या गणितावर विश्वास ठेवील का ती?

पण सांगितलं. जवळ घेतलं, तिन्ही कामट्या दाखवल्या, म्हटलं, "मालू, अठराचा कंदील होत नाही. मी सगळ्या बाजूंनी करून पाहिला. जगात कोणालाच होणार नाही, असं मला वाटतं... नक्की नाही, पण वाटतं."

ती एकेका कंदिलाकडे बोट दाखवत, मोजत, रिकाम्या खिळ्यापर्यंत आली. माझा जीव टांगलेला.

मग म्हणाली, "बरं. तिथे बावीसचा लाव."