श्रावण सरांची गुंतवणूक, बायनाबाईंचं घर

आजच्या या निरोप समारंभाचे आणि आपल्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष माननीय नागसेनराव, प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले प्लॉटविक्रेते लटारूभाऊ, आजचे सत्कारमूर्ती, आमचे गणिताचे श्रावण उंदीरवाडे सर, सहकारी शिक्षक, पालकवर्ग, आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटल्यापासून मागच्या दाराकडे सरकत चाललेल्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना रिना मेश्रामचा जय भीम आणि नमस्कार.

सरांच्या पत्नी बायनाबाई व्यासपीठावर का दिसत नाहीत, असं पाहुण्यांनी मघाशी विचारलं. त्या घरीच आहेत. घर इथून दिसतं. डावीकडच्या खिडकीतून पाहावं. पिस्ता रंगाचं आहे, आणि त्याला चार चाकं आहेत.

त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी लटारूभाऊंनी आपल्या सावली गावाच्या बाहेर लेआउट पाडलं. उन्हाळा होता. जमीन सपाट, कोरडी ठणठणीत. आम्ही बाकी सगळ्या शिक्षकांनी प्लॉट घेतले, सरांचेही पैसे तयार होते. बायनाबाईंनी तर मनातल्या मनात स्वयंपाकघराची खिडकीही काढून ठेवली. लग्न झाल्यापासून त्या शाळेच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मुख्याध्यापकांना विचारायचं! आपली अशी एक खोली असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. नेमके तेव्हाच सर आलापल्लीला लग्नाला गेले, आणि तिथे एका जुन्या लाकूड ठेकेदाराच्या गोदामात त्यांना ती दिसली. साठच्या दशकातली, गोल बोनेटची अँबॅसॅडर.

प्लॉटचे पैसे गाडीत गेले. गाडी ट्रॅक्टरनं ओढत आणावी लागली, कारण आत इंजिन नव्हतं.

"रिना मॅडम," सर मला स्टाफरूममध्ये समजावत होते, "जमीन का, जिकडं पाहाल तिकडं आहे. ही गाडी आता कोनी बनवून राह्यलं का? जे कमी होते, त्याचा भाव वाढते. अन् गाडीले फेरफार नाई, मोजणी नाई, शेजाऱ्याचं अतिक्रमण नाई. मनात आलं का घेऊन निघालं!"

"पण सर, इंजिन?"

"इंजिन का, भेटून जाते."

गणिताच्या शिक्षकाशी कोण वाद घालणार? बायनाबाईंनीही घातला नाही. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "घराचे पैसे याच्यात गेले ना? मंग हेच घर."

आणि त्या राहायला गेल्या. डॅशबोर्डवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, स्टिअरिंगला लसणाच्या जुड्या टांगल्या, टपावर वालाचा वेल चढवला. सर समोरच्या क्वार्टरमध्ये एकटे. सरांचा डबा मात्र रोज सकाळी गाडीच्या काचेतून बाहेर यायचा. बोलणं बंद होतं, भाजी बंद नव्हती. निरोप्याचं काम शेजारीण म्हणून माझ्याकडे आलं. "थंडी आहे, आत ये म्हणा तिले," असं सर म्हणायचे. मी ते पोचवायची. "काच वर केली का थंडी लागत नाई, सांगा त्यायले," असं उत्तर यायचं.

पुढे घरमोजणीचं काम आम्हा शिक्षकांवर आलं, तेव्हा बायनाबाईंनी मला हाक मारून थांबवलं.

"माहं घर काऊन सोडलं?"

मी विचारत गेले. भिंती? पत्र्याच्या. छप्पर? पत्र्याचं. खोल्या?

"एक. डिक्की धरली तं दीड."

"कुटुंबप्रमुख?"

"मी."

सर बादली घेऊन बाजूलाच उभे होते. मी म्हटलं, "आणि हे?"

"हे शेजारी."

तोवर पावसाळ्यात आम्हालाही कळलं होतं की आमचं लेआउट म्हणजे मुळात बोडी आहे, धानाला पाणी द्यायचं तळं. लटारूभाऊ, गैरसमज नसावा. आपल्याबद्दल माझ्या मनात काही नाही. प्लॉटवरही काही नाही, पाणी आहे. शिंगाडे मात्र फार गोड येतात. मुख्याध्यापकांचा प्लॉट कोपऱ्याचा असल्यामुळे त्यांना मासेही मिळतात.

अशातच नागपूरहून एक गृहस्थ आले. जुन्या मोटारी जमवणारे. गाडी पाहून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी जो भाव सांगितला त्यात चंद्रपूरला कोरड्या जमिनीवर दोन खोल्या झाल्या असत्या. म्हणजे सरांचं गणित बरोबर निघालं होतं! गृहस्थ आत डोकावणार, तोच आवाज आला.

"घरात जोडे घालून येतेत का?"

त्यांनी बूट काढले. बायनाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "इकाचं नाई."

"अवं, दोन खोल्या होतीन!" सर काचेशी येऊन कळवळून म्हणाले. कित्येक महिन्यांनी ते थेट बोलले होते.

"मले दोन कायले? मले एक पायजे होती. ते तुमी देल्ली नाई, मंग मीच घेतली."

ते गृहस्थ बूट हातात घेऊनच फाटकापर्यंत गेले.

काल सरांना क्वार्टर खाली करायचं होतं. ट्रंक घेऊन ते गाडीपाशी आले आणि काचेवर टकटक केलं. मी कुंपणाला कपडे वाळत घालत होते. ऐकू आलं, त्याला माझा इलाज नाही.

"भाड्यानं जागा भेटंल का?"

"आमी नोकरीवाल्यालेच देतो."

"उद्यापर्यंत हाय ना नोकरी." मग सर हळूच म्हणाले, "तुले घर पायजे होतं, हे मले समजत होतं. मले वाटलं, आंधी भाव वाढू देऊ."

"भाव वाढेपर्यंत माहं वय वाढलं ना."

सर ट्रंकेवरच बसले. बऱ्याच वेळानं मागचं दार आतून उघडलं.

"पाय पुसून या."

बायनाबाईंचे भाऊ वारलू यांनी आपल्या धानाच्या बांधीवरची उंच, पडीक जागा बहिणीला दिली आहे. आज संध्याकाळी ट्रॅक्टर घर तिकडे ओढून नेणार आहे. गाडीचं स्टिअरिंग धरायला मी बसतो, असं सर म्हणाले होते. "घर आजवर कोन चालवलं?" एवढंच बायनाबाईंनी विचारलं. तेव्हा पुढे त्या बसतील, मागे सर.

चाकं जमिनीत बरीच रुतली आहेत. म्हणून अध्यक्षमहोदयांच्या परवानगीने विनंती करते, कार्यक्रमानंतर कृपया कोणी लगेच निघू नये. सर्वांनी हात लावावा. लटारूभाऊ, आपणही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला उभं केलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाची जमीन, कुणाचं वाहन किंवा कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते उदारपणे पोटात घालावं. थांबते. जय भीम.