ह्यांच्या वाटणीची व्हिस्की

मी मूळची चिंचवडची, लग्न करून ब्रिस्टलला आले आणि शाळेच्या किचनमध्ये लागले, अजून तिथंच मुलांना जेवण वाढते, आणि हे विमानाच्या पार्ट्सच्या फॅक्टरीत आहेत, म्हणजे होते. काय सांगू तुम्हाला, होते म्हणायला अजून जीभ वळत नाही. माणूस साधा, शनिवारी एक पेग, एकच हं, आणि तोही मी कांदाभजी तळल्याशिवाय नाही.

तर शहराबाहेर एका अमेरिकन बाईनं व्हिस्कीची छोटीशी डिस्टिलरी काढलीय, अमेरिकन पद्धतीची सिंगल मॉल्ट, आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपात मुरवलेली. ह्यांना केवढं कौतुक! दोघांची टूर बुक केली, म्हणाले सुनंदा, तू नुसता वास घे, प्यायचं मी बघतो. आणि टूरच्या आधीच गेले हो, बसल्या जागी.

दहाव्याला वॉटफर्डहून भटजी आले, मागच्या गार्डनमध्ये पिंड ठेवले. कावळा शिवला की जीव मोकळा झाला, आपलं असंच ना. एरवी मेले कावळे कचऱ्याच्या बिनमधलं ओढून काढतात, त्या दिवशी फेन्सवर बसून नुसते बघत राहिले. मी म्हटलं पोरीची काळजी करू नका, म्हटलं घर विकणार नाही, दीर फोनवरून म्हणाले वहिनीला अंतर देणार नाही, पण छे! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. तेव्हापासून हे रोज संध्याकाळी जिन्यात खाकरतात. किचनमध्ये यायच्या आधी खाकरायची सवयच होती ह्यांना. पोरगी म्हणते आई, तो हीटिंगचा पाइप आहे. असेल बाई. पण उन्हाळ्यात हीटिंग बंद असतं, तेव्हा?

मग माझ्या डोक्यात आलं, जीव त्या टूरमध्ये अडकलाय. पोरीला म्हटलं चल. ती अमेरिकन बाई भली, आम्हाला पिंपांच्या शेडमध्ये घेऊन गेली, आत गारठा, अंधार, आणि वास, अगं बाई, शनिवारी ह्यांच्या शर्टाला यायचा तोच!

मला दिलेला ग्लास घेऊन मी शेडच्या मागच्या अंगणात आले, भिंतीवर ठेवला, शेजारी घरून नेलेली भजी. हात जोडले, म्हटलं घ्या, आता मोकळे व्हा. आणि खरं सांगते, लगेच कावळा उतरला. तुरुतुरु भज्यांपर्यंत आला, मान वाकडी केली, चोच पुढे केली, आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? हाड्! पर्स फेकून मारली मी त्याला. पोरगी म्हणते आई, हेच तर तुला पाहिजे होतं ना?

पर्स उचलून आणली. व्हिस्की मीच पिऊन टाकली, घसा जळला नुसता.

आता संध्याकाळ झाली की टीव्हीचा आवाज कमी करते. खाकरले की म्हणते, या, चहा ठेवलाय. परवा पोरगी म्हणाली प्लंबर बोलावते, कायमचा बंद होईल आवाज. देव तिचं भलं करो, मायेनंच म्हणाली, पण मी तिला सांगून ठेवलंय, मी आहे तोवर त्या पाइपला कुणी हात लावायचा नाही.