काचेवरचं कुंकू

मी मूळची इचलकरंजीची. आजोबांचा हातमाग, तो मोडून वडिलांनी पॉवरलूम घातले, म्हणायचे यंत्राशी भांडून कुणाचं पोट भरलंय. त्या खडखडाटात वाढले मी, काय सांगू तुम्हाला, मला गप्प घरात बसवतच नाही. इथं सातासमुद्रापार टौरंगात नवरा बंदरावर इंजिनिअर, लेक शाळेत, दिवसभर घर खायला उठायचं, म्हणून मग पॅकहाऊसला जायला लागले.

तिथं पट्ट्यावरून किवी येत राहणार, दोन्ही बाजूंना आम्ही बाया, डागाळलेलं, वाकडंतिकडं फळ काढून टाकायचं. माझ्या शेजारी सामोआची सिना. हात चालू आणि तोंड त्याहून चालू, लई बरं वाटायचं.

गेल्या वर्षी कॅमेऱ्याचं मशीन आलं. फळ तेच बघणार, तेच टाकणार. बाया धास्तावल्या, सिना तर जेवेना. आणि नेमकी खंडेनवमी आली. आता आमच्यात खंडेनवमीला मागाची पूजा चुकवत नाहीत, मग हे मशीन तरी कसं सोडायचं? सकाळी लवकर गेले, फूल वाहिलं, हळदकुंकू लावलं, आणि लावलं कुठं, तर त्याचा डोळा म्हणून थेट कॅमेऱ्याच्या काचेवर. झालं. त्याला प्रत्येक फळावर डाग दिसायला लागला, सगळा माल बाहेर. मशीन बंद, आम्ही सगळ्या परत पट्ट्यावर. सिना म्हणाली, तुझा देव आपल्या बाजूचा आहे.

आमची सुपरवायझर अरोहा, माओरी बाई, तिला मी सांगून टाकलं, माझंच काम ते. ती म्हणाली, आम्हीपण नव्या शेडला कराकिया म्हणतो, प्रार्थना करतो, पण काचेला बोट लावत नाही ग. मला वाटलं, आता ही मला घरी बसवणार.

झालं उलटंच. यंदा सीझनला तिचा फोन आला, फळ आता मशीनच बघणार, फक्त काच पुसायला, मशीनवर लक्ष ठेवायला एक बाई हवी, डोळा कुठं आहे ते तुला ठाऊकच आहे, ये. मी हो म्हटलं, लगेच म्हटलं. संध्याकाळी सिनाचा फोन, तुला बोलावलं का, मला नाही बोलावलं. मी सांगितलं. स्वीट ॲज, म्हणजे बरंय की, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

लेक म्हणते, मम, जस्ट टेक्स्ट हर. असं मेसेजनं मिटतं होय? सुपरमार्केटात तिच्यासारखी पाठ दिसली की मी ट्रॉली सोडून धावते, ती नसतेच. आणि असली तर काय बोलणार आहे मी, तेही ठरलेलं नाही. तिच्या हाताला कुठंतरी काम मिळू दे, एवढं रोज म्हणते आणि काच पुसते.