पातूरचा पाऊस

सरकारी उद्घाटनाची घाई काय असते, ते आमाले विचारा. दुष्काळाचं वर्ष होतं. पातूरले पाऊस मोजणाऱ्या कॉम्प्युटरचं उद्घाटन दुपारी मंत्र्यांच्या हातून होतं, अन् सकाळी कॉम्प्युटर सुरू होता होताच अडकून राहिला. त्यातलं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, मी अन् माझा अकोल्याचा दोस्त सलीम, आमीच बसवलं होतं. कुठं अडकते हे पाहाले सलीमनं कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जागोजागी 'इथवर आलो' सांगणारे मेसेज टाकले.

"सापडलं," तो म्हणाला. "कर्नल पाऊस मोजायच्या कार्डाले विचारते, तयार आहेस का? अन् उत्तराची वाट पाहत बसते."

कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर कार्डाची जागा रिकामी!

तिथले साहेब म्हणाले, "कार्ड तर कागदोपत्री बसलं आहे."

"साहेब, कर्नलले कागद वाचता येत नाही."

"मग त्याले म्हणा, वाट पाहू नको."

सलीमनं ते वाट पाहणंच काढून टाकलं. कॉम्प्युटर झकास सुरू झाला. फक्त कार्ड नसलं, की तो रिकाम्या जागेतून त्याले येणारा सगळ्यात मोठा आकडा वाचतो. मंत्र्यांनी बटन दाबलं अन् पडद्यावर आलं: आजचा पाऊस २५५ मिलिमीटर.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मंत्री मंडपातल्या लोकांकडं वळले, "अन् तुमी मले दुष्काळाची निवेदनं देऊन राहिले!"