पिवळ्या रंगाची धास्ती

तुम्ही हसाल, पण बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने मी एकदा मरणाच्या दारात जाऊन आलोय. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी लाल रंगाच्या खात्यात होतो. व्हायरल तापाची साथ आली म्हणून कंपनीच्या डॉक्टरांनी सगळ्या खात्यांना गोळ्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी माझा जोडीदार हरेश्वर, दातिवऱ्याचा कोळी, मुतारीतून पांढराफटक होऊन बाहेर आला.

"भाऊ, पिवळीधमक होतेय. रंग अंगात भिनला आपल्या."

मी हसत आत गेलो आणि त्याच्याहून पांढरा होऊन बाहेर आलो. माझंही तेच.

दोघेही दवाखान्याकडे पळालो. पळता पळता हरेश्वर म्हणाला, "माजी होडी धाकट्या भावाला द्यायला सांग."

डॉक्टर पोट धरून हसले. "अरे, ते जीवनसत्त्व आहे. शरीर हवं तेवढं ठेवतं, उरलेलं लघवीतून जातं. गोळीने विषाणू मरत नाही, पण अंगात जीवनसत्त्वं कमी पडली तर त्याच्याशी झुंजायला बळ राहत नाही. आणि तुम्ही लाल खात्यातले, पिवळा रंग भिनेल कुठून?"

"बाजूला पिवळ्याचं खातं हाय ना. वाऱ्यानं आला असंल."

"त्या खात्यालाही याच गोळ्या दिल्यात. तिथून तर कोणीच घाबरून आलं नाही."

हरेश्वरने जरा विचार केला.

"सायब, त्यांना रोजचंच वाटलं असंल."